मी घरी राहते तेव्हा रस्त्यावर कोण असतं

रोज सकाळी उठल्या उठल्या मी एका प्लॅस्टिकच्या नळीत तीनदा फुंकते. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा सोडायचा. नळीवरचा लाल काटा सर्रकन पुढे जातो आणि कुठल्यातरी आकड्यावर थांबतो. तीन आकड्यांतला मोठा वहीत लिहायचा. याला पीक फ्लो मीटर म्हणतात. दमा असणाऱ्यांच्या घरात तो थर्मामीटरसारखाच हाताशी असतो. माझा चांगल्या दिवसांतला आकडा ४२० आहे. त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३३६ पर्यंत, हिरवा पट्टा. तिथून खाली ५० टक्क्यांपर्यंत पिवळा. त्याच्याही खाली लाल, आणि लाल आला की औषध घेऊन लगेच डॉक्टर गाठायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी ही वही घेऊन मी डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी पानं उलटली, पेन काढलं आणि काहीही न बोलता दर सोमवारच्या आकड्याभोवती गोल काढत गेले. मग दर शुक्रवारच्या. सोमवारी ४००, ३९५, ४०५. शुक्रवारी ३४०, ३२५, ३३०. शनिवार-रविवार गेला की पुन्हा वर. "सोमवार ते शुक्रवार काय करता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ऑफिसला जाते, स्कूटरने, एका बाजूचे १४ किलोमीटर, पोचायला पाऊण तास ते तास. वाटेत उड्डाणपुलाखाली एक सिग्नल आहे, तिथे तीनदा लाल दिवा पडल्याशिवाय आपला नंबर लागत नाही आणि दोन्ही बाजूंना ट्रक उभे असतात. "आणि ऑफिसात काय काम?" मी म्हटलं, पगारपत्रकं करते. अडीचशे लोकांचे पगार. "ते काढायला तिथे जावंच लागतं का?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. माझं सगळं काम एका सॉफ्टवेअरमध्ये चालतं आणि ते सॉफ्टवेअर माझ्या घरच्या लॅपटॉपवरही तसंच उघडतं.

ऑफिसातल्या सरांशी बोलायला मला आठवडा लागला. ते समजूतदार आहेत, पण त्यांना नियम हवा होता. "हवा वाईट असेल तेव्हा घरून काम करा हे ठीक आहे, पण वाईट म्हणजे किती?" प्रश्न रास्त होता. आम्ही दोघांनी आपापल्या फोनवर त्या क्षणाची हवा पाहिली. एकाच शहराची, एकाच तासाची. माझ्या ॲपवर १००, त्यांच्या ॲपवर दीडशेच्या वर. सरांना वाटलं, दोन्हींतलं एक खोटं आहे. खोटं कुठलंच नव्हतं. माझं ॲप हवेच्या गुणवत्तेचा भारताचा निर्देशांक दाखवत होतं, त्यांचं अमेरिकेचा. बारीक धूलिकण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले की भारतीय मोजणीत निर्देशांक १०० येतो आणि त्या पायरीचं नाव आहे 'समाधानकारक'. अमेरिकी मोजणीत तीच हवा १५० च्या पलीकडे जाते. हवा तीच, फक्त पायऱ्या वेगळ्या कापलेल्या.

त्या दिवसापासून मी निर्देशांक बघायचंच सोडलं. पीएम २.५ किती मायक्रोग्रॅम आहे एवढंच बघते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. केसाची जाडी ७० मायक्रोमीटर धरली तर तिच्या जवळजवळ तिसाव्या भागाएवढे. नाकातले केस, घशातला कफ यांना ते जुमानत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात, आणि त्यांतले अगदी बारीक तिथून रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा आणखी कडक केली: २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम, वर्षाची ५. भारताची २००९ पासूनची मर्यादा २४ तासांना ६० आणि वर्षाला ४० आहे. सरांना मी दोन्ही आकडे दाखवले. १५ म्हटलं असतं तर मी हिवाळाभर ऑफिसला गेलेच नसते. शेवटी ठरलं ते असं: आदल्या संध्याकाळच्या अंदाजात दुसऱ्या दिवसाची सरासरी ६० च्या वर असेल, तर मी घरून काम करायचं. आदल्या संध्याकाळी, सकाळी नाही. सकाळी ठरवायचं म्हटलं की अर्धे लोक रस्त्याला लागलेले असतात.

आता घराबद्दल. इथे मी जे शिकले ते खूप आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

पहिल्या दिवशी मी खुशीत खिडकीशी टेबल मांडलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, पुढची खोली रस्त्याकडे, मागची एका झाडाकडे. खिडकी बंद केली, म्हणजे हवा बाहेर राहिली, असं मी धरून चालले होते. दुपारी डोकं जड झालं, संध्याकाळी आकडा आला ३५०. ऑफिसला गेले असते तरी याहून फार वेगळं झालं नसतं. मग मी हवेतले कण मोजणारं एक छोटं यंत्र घेतलं, तळहातावर मावेल एवढं. बाल्कनीत १४२. पुढच्या खोलीत, खिडकी बंद असताना, ९६. मागच्या खोलीत ७१. बंद खिडकी म्हणजे बंद हवा नव्हेच. सरकत्या काचांच्या फटी, दाराखालची पोकळी, एक्झॉस्टच्या पंख्याचं भोक, सगळीकडून ती येत राहते. टेबल उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. रस्त्यापासून थोडं लांब जाण्याने फरक पडतो. वाहनांचा ताजा धूर, त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण, रस्त्याच्या कडेला सगळ्यात दाट असतात आणि काहीशे मीटरवर बरेच विरतात. एका घराच्या दोन बाजूंत काहीशे मीटर नसतात हे खरं, पण मधल्या भिंतींनीही काही अडवलं.

मग हवा गाळायचं यंत्र आलं. हेपा फिल्टरचं. हे फिल्टर ०.३ मायक्रोमीटरचे कण ९९.९७ टक्के अडवतात आणि तो आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण साधारण तेवढ्याच आकाराचे कण अडवायला सगळ्यात अवघड. त्याहून मोठे आणि त्याहून लहान दोन्ही सहज अडकतात. मागच्या खोलीत यंत्र चालू करून दार लावलं, अर्ध्या तासात ७१ चे १८ झाले. मी किती वेळ तो आकडा नुसता बघत बसले होते! आमच्या शहरात हिवाळ्यात १८ मी यंत्रावर कधी पाहिला नव्हता.

पण दुपारी डोकं पुन्हा जड. कण तर कमी होते, मग काय? मुलाच्या शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र घरात आलेलं होतं, ते लावून बघितलं. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. माझ्या बंद खोलीत, मी आणि अभ्यासाला बसलेला मुलगा, दोन तासांनी १,६०० च्या वर. फिल्टर कण गाळतं, वायू नाही. आपणच सोडलेला श्वास आपण परत घेत होतो. म्हणजे खिडकी उघडायला तर हवीच. प्रश्न होता, कधी.

याचं उत्तर वहीनेच दिलं. दर तासाला बाल्कनीतला आकडा लिहून काढला तर हिवाळ्यातला रोजचा दिवस सारखाच दिसायला लागला: पहाटे चढलेला, सकाळी आठ-नऊला सगळ्यात वाईट, मग उतरत उतरत दुपारी दोन ते चारच्या सुमारास सगळ्यात कमी, आणि दिवे लागले की परत वर. रात्री जमीन थंड होते, तिला टेकलेली हवा थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. खालचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. सूर्य वर आला, जमीन तापली, की झाकण उचललं जातं आणि सगळं वर मिसळून पातळ होतं. तेव्हा मी अडीचला खिडक्या सताड उघडते, वीस मिनिटांनी लावून घेते. पहाटे "ताजी हवा" म्हणून खिडकी उघडायची आमच्या सासूबाईंची जन्माची सवय. त्यांना मी यंत्र दाखवलं. त्यांनी दोन दिवस स्वतः आकडे लिहिले आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "अगं, आता मी फिरायलाही चार वाजता जाते."

बाकीचं भराभर सांगते. कोरड्या झाडूने आकडा दुप्पट होतो, ओल्या फडक्याने होत नाही. डासांची कॉइल लावली तर खोली रस्त्यापेक्षा वाईट. गॅसची शेगडी पेटली की एक्झॉस्ट लावायचाच. धुक्यात ही छोटी यंत्रं फसतात, पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतात, त्यामुळे धुक्याच्या सकाळी त्यांच्या आकड्याने घाबरून जाऊ नये. आणि खोलीत ओझोन वायू सोडून हवा "ताजी" करणारी यंत्रं दमा असणाऱ्याच्या घरात आणूच नयेत. ओझोन स्वतःच श्वासनलिकेला जाळतो.

त्या हिवाळ्याचे माझे शुक्रवारचे आकडे: ३८५, ३९०, ३८०, ४००. पिवळ्या पट्ट्यात मी चार महिन्यांत तीनदाच गेले. आधीच्या हिवाळ्यात सव्वीस वेळा. डॉक्टरांनी पानाच्या कोपऱ्यात एक बरोबरची खूण केली.

इथे ही गोष्ट संपली असती. संपली नाही, कारण एका मंगळवारी दाराची बेल वाजली.

बाहेर ११८ होते. मी दार उघडलं तर कुरिअरचा मुलगा उभा, विशीतला, गळ्यात रुमाल. त्याने पाकीट दिलं, सही घेतली आणि मग खोकला सुरू झाला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो खोकत राहिला. तो खोकला मला ओळखीचा आहे. मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. यंत्राची घरघर ऐकून त्याने विचारलं, "हे कशाचं मशीन?" मी सांगितलं. "याने हवा साफ होते?" हो म्हटलं. तो थोडा वेळ त्या यंत्राजवळ बसला, मग उठला, कारण त्याच्याकडे अजून चाळीस पाकिटं होती. पाकिटात माझ्या लॅपटॉपचं स्टँड होतं. घरून काम सोयीचं व्हावं म्हणून मागवलेलं.

त्या रात्री मी फोनवरच्या ऑर्डरी मोजल्या. घरून काम केलेल्या दिवसांत, फक्त त्या एका महिन्यात, माझ्या दाराशी एकोणीस वेळा कोणी ना कोणी आलं होतं. ऑफिसला जात होते तेव्हा याच गोष्टी मी येता-जाता घेत होते, किंवा घेतही नव्हते. माझी एक स्कूटर रस्त्यावरून कमी झाली आणि तिच्या जागी एकोणीस फेऱ्या आल्या, त्याही नेमक्या सगळ्यात वाईट दिवसांत. ते धुरात उभं राहणं संपलं नव्हतंच. ते मी दुसऱ्याकडे दिलं होतं.

हे कळल्यावर मी मोठ्या शहरांनी काय केलं ते वाचत गेले. दिल्लीत नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रदूषणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर होतं आणि घरून कामाचा विषय तिथेही निघाला. दिल्ली सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना आठवडाभर घरून काम दिलं. केंद्र सरकारने मात्र सांगितलं की आपल्या कर्मचाऱ्यांची वाहनं एकूण वाहनांच्या मानाने फारच थोडी आहेत, त्यामुळे त्याने फार फरक पडणार नाही. त्यापेक्षा एकत्र गाडीने या. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीने अर्ध्या सरकारी कर्मचाऱ्यांना घरी बसवलं. त्याच महिन्यात लाहोरमध्ये सरकारी आणि खासगी दोन्ही कार्यालयांना निम्म्या माणसांना घरून काम द्यायचा हुकूम झाला. बँकॉकच्या महापालिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या लोकांना घरून काम करायला सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथे एक आठवडा सार्वजनिक वाहतूकही मोफत होती. हे शेवटचं मला फार आवडलं. ज्याला जावंच लागतं त्याचाही त्यात विचार आहे.

केंद्राचा युक्तिवाद आकड्यांपुरता मला अगदी चूक वाटत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत चीनमध्ये टाळेबंदी असताना, रस्ते ओस असतानाही बीजिंगमध्ये दाट धुरकं साचलं होतं. हवेतले बारीक कण फक्त गाड्यांचे नसतात. कारखाने, वीजकेंद्रं, वीटभट्ट्या, शेतातली आग, धूळ, आणि वायूंपासून हवेतच तयार होणारे कण, सगळं त्यात असतं. ऑफिसं बंद केली म्हणून आकाश निळं होत नाही. पण नायट्रोजन डायऑक्साइडचं तसं नाही. तो बराचसा इंजिनांतून येतो, आणि जगभरच्या टाळेबंदीत तो झपाट्याने उतरला. म्हणजे गाड्या कमी झाल्या तर शहराची सरासरी थोडीच हलेल, पण उड्डाणपुलाखालच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या नाकासमोरची हवा त्याच दिवशी बदलेल. डिझेलच्या धुराला कर्करोगाचं कारण म्हणून २०१२ मध्येच मान्यता मिळाली आहे. मला घरून कामाचा खरा उपयोग इथे दिसतो. मी रस्ता रिकामा करते, तो त्याच्यासाठी. आणि मग त्याच रस्त्यावर माझ्या स्टँडसाठी कोणाला तरी पाठवते, तर तो उपयोग मी परत काढून घेते.

या सगळ्यात एक मुलगी माझ्या मनातून जात नाही. एला अडू-किसी-डेब्रा. लंडनच्या आग्नेय भागात, एका भयंकर रहदारीच्या रस्त्याजवळ तिचं घर होतं. तिला तीव्र दमा होता, पुन्हा पुन्हा दवाखान्यात न्यावं लागायचं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली, नऊ वर्षांची. तिची आई वर्षानुवर्षं लढली आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची दुसऱ्यांदा चौकशी होऊन निकाल आला की तिच्या मृत्यूला हवेचं प्रदूषणही कारणीभूत होतं. ब्रिटनमध्ये कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर हे कारण पहिल्यांदाच लिहिलं गेलं. एला घरीच होती. तिच्या घराशेजारचा रस्ता घरी नव्हता. मी मागच्या खोलीत टेबल नेऊ शकते, सगळ्यांच्या घराला मागची खोली नसते.

आता मी काय करते ते सांगते. अंदाज ६० च्या वर असेल त्या दिवशी काहीही मागवत नाही. औषध सोडून. जे हवं ते यादीत लिहून ठेवते आणि हवा सुधारेल त्या दिवशी दुपारी स्वतः जाऊन आणते, एन९५ मास्क नाकावर नीट दाबून. एन९५ चेहऱ्याला चिकटून बसला तरच त्याचा उपयोग. कडेने हवा शिरत असेल तर तो नुसता कापड. दाराशी कोणी आलंच, तर बाकावर पाणी आणि एक नवा मास्क ठेवलेला असतो. बहुतेक जण घेतात.

आणि ऑफिसला मी एक पत्र लिहिलं. पगारपत्रक माझ्याकडे असल्यामुळे कोण काय करतं ते मला ओळीओळीने माहीत आहे. अडीचशेतले एकशे चाळीस जण माझ्यासारखे, लॅपटॉपवाले. उरलेल्या एकशे दहांत गोदामातले, गाड्या चालवणारे, सफाईचे, गेटवरचे. वाईट हवेच्या दिवशी आम्हा एकशे चाळीस जणांना घरी राहायची मुभा मिळते आणि त्यांना साधा निरोपही मिळत नाही, कारण निरोप ईमेलवर जातो. मी लिहिलं की निरोप सगळ्यांना जावा. सकाळी सहा ते दहाचं बाहेरचं काम जमेल तेवढं दुपारवर ढकलावं. रिकाम्या राहणाऱ्या आमच्या मजल्यावरचं हवेचं यंत्र त्या दिवशी गोदामाच्या जेवणाच्या खोलीत हलवावं. माल उतरवताना ट्रकची इंजिनं बंद ठेवावीत. आणि ज्याला धाप लागते त्याने सांगितलं तर त्याचा दिवस कापू नये. हे शेवटचं मी दोनदा लिहिलं, कारण पगार कापण्याची ओळ मीच टाइप करते.

इंजिनांचं लगेच मान्य झालं, त्यात डिझेलही वाचतं. यंत्र हललं. दिवस कापण्याबद्दल अजून "बघू" चालू आहे. मी दर महिन्याला आठवण करते आणि करत राहणार आहे. गेटवरचे काका, वय साठीच्या जवळ, सकाळी सहाला खुर्ची टाकून रस्त्याच्या कडेला बसायचे. त्यांची जागा आता काचेच्या आतल्या बाजूला आहे, निदान दहा वाजेपर्यंत.

आज संध्याकाळी उद्याचा अंदाज आला, ८८. साडेसातला ग्रुपवर निरोप गेला. काका त्या ग्रुपवर नाहीत, त्यांच्याकडे साधा फोन आहे, म्हणून मी त्यांना वेगळा फोन केला. ते म्हणाले, "माहितीये ताई. गोदामातल्या पोरांनी सांगितलं. मी उद्याची पाळी दुपारची करून घेतली आहे."